घरात आणखी कोण खाजवतं?

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही मला ईशानच्या दंडाचा फोटो पाठवलात. रुपयाएवढं गोल, कडा लाल आणि खरखरीत, मधला भाग जवळजवळ साफ. खाली मीराने लिहिलं होतं, "आजी, हे काय असेल? आईच्या कपाटात भारतातली एक ट्यूब सापडली, ती लावतोय. दोन दिवसांत खाज थांबली!" शेवटी उद्गारचिन्ह.

ट्यूब बंद करा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा, हे मी लगेच फोनवर सांगितलं. का, ते सांगता सांगता मी विमलताईंचं नाव घेतलं आणि तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "कोण विमलताई?" तेव्हा मला धक्काच बसला. तुमची आई ज्यांच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून गणितं सोडवायची, त्या बाईंचं नावही तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. महाडात त्यांना ओळखणारी माणसं आता फार उरली नाहीत, आणि माझी आठवणही अधूनमधून मधली पानं गाळते. म्हणून लिहून ठेवते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत विमलताई मला दिसत नाहीत. अडेल तिथे आईला विचारा.

त्यांचं चरित्र मला सांगायचं नाही. त्या कुठे शिकल्या, लग्न का केलं नाही, महाडातच का आल्या, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नव्वद सालानंतरची दहा-पंधरा वर्षं आम्ही एका इमारतीत राहिलो. वर आम्ही, खाली त्यांचा दवाखाना आणि मागे त्यांच्या दोन खोल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझं अक्षर बरं म्हणून त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यांचं स्वतःचं अक्षर कुणालाच लागत नसे. त्यांनासुद्धा.

दवाखान्यात टेबल होतं, खुर्ची होती, पडदा होता, पण त्वचेचा रोगी त्या आत कधीच तपासत नसत. "चला बाहेर," म्हणायच्या आणि त्याला ओट्यावर घेऊन यायच्या. बायकांसाठी मागच्या अंगणात चादर बांधलेली असे, वरून उघडी. पावसाळ्यात चार दिवस अंधारून आलं तर म्हणायच्या, "परवा ये, उघडल्यावर. मरत नाहीस तेवढ्यात." कुणी आतल्या दिव्याकडे बोट दाखवलं की ठरलेलं उत्तर येई, "ट्यूबलाईटखाली सगळं सारखंच दिसतं. मी दोन्ही ट्यूबांच्या विरोधात आहे."

दुसरी ट्यूब कुठली, ते पुढे सांगते.

त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला होता. काय होतंय, कधीपासून होतंय, हे नंतर. आधी, "घरात आणखी कोण खाजवतं?" माणूस गडबडून जायचा. "मलाच होतंय," असं म्हणायचा. मग त्या थांबायच्या. नुसत्या बघत राहायच्या. थोड्या वेळाने तो म्हणायचा, "तसं पोरगं खाजवतं जरा. नि आई." मग विमलताई त्याचा हात हातात घ्यायच्या. हातमोजे नाहीत. हात उलटा करून, बोटं फाकवून, मनगटाच्या आतल्या बाजूने उन्हात धरायच्या आणि नंतर स्वतःचे हात कोपरापर्यंत साबणाने धुवायच्या. "आधी धरायचे, मग धुवायचे," म्हणायच्या. "उलटं केलं की माणूस परत येत नाही."

गजकर्ण हा शब्द मला त्यांनीच नीट दाखवला. इंग्रजीत त्याला किड्याचं नाव आहे आणि त्यात किडा नसतोच. आपल्याकडे म्हणतात हत्तीचा कान. एकदा एका शेतकऱ्याची पाठ त्यांनी उन्हात धरली आणि मला हाक मारली, "बाई, वर्गात शब्दार्थ शिकवता ना? हा बघा." पाठीवर खरोखरच एक मोठा, कडेला दातेरी, हत्तीच्या कानासारखा डाग पसरलेला होता. त्याच्या कडेवरून त्यांनी पात्याच्या पाठीने थोडा पापुद्रा खरवडला, काचेवर घेतला, वर औषधाचा थेंब टाकला आणि आपल्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याला विजेचा दिवा नव्हता, खाली आरसा होता, ऊन पकडायला. आधी स्वतः पाहिलं, मग त्या शेतकऱ्याला पाहायला लावलं. "दिसतात का दोरे? बुरशी आहे. लोणच्यावर येते ना, तिची चुलत बहीण." तो माणूस बराच वेळ बघत राहिला नि म्हणाला, "म्हंजी मी नासलोय?" विमलताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दवाखान्याबाहेर त्यांना कुठे न्यायचं म्हणजे मला धाकधूक वाटे. त्यांचे डोळे सुट्टीवर जात नसत. एसटीत शेजारच्या बाईच्या पायांकडे बघून, "चिखल्या कधीपासून?" असं सरळ विचारायच्या. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. ऐन मृगाच्या तोंडावरचा, दमट हवेतला मुहूर्त. गुरुजी होमापुढे बसलेले, अंगावर उपरणं, आणि मंत्रांच्या मध्ये त्यांचा डावा हात हळूच कमरेकडे जायचा. विमलताई पहिल्या रांगेत. मी मनात म्हणत होते, नको, नको. सप्तपदी झाली, गुरुजी पाणी प्यायला उठले आणि विमलताईंनी त्यांना गाठलंच.

"गुरुजी, सोवळं ओलंच नेसता का?"

गुरुजी चपापले. "म्हणजे काय? पिळून नेसतो. शास्त्र आहे."

"देवाला ओलं चालत असेल. कातडीला चालत नाही. उद्या सकाळी दवाखान्यात या."

"अहो, चारचौघांत काय हे..."

"चारचौघांतच खाजवत होतात ना?"

गुरुजी दुसऱ्या दिवशी आले, मागच्या दाराने. कमरेभोवती गजकर्णाचा पट्टाच होता. पुढे महिनाभराने त्यांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तुमच्या डॉक्टरीणबाई फार फटकळ आहेत हो." जरा थांबून म्हणाले, "पण शास्त्रात सुकवलेलं रेशमी सोवळंही चालतं. मी पाहिलं."

आता ती दुसरी ट्यूब. त्या वर्षांत मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस घरी ती आणायचा, जसा बिस्किटांचा पुडा आणायचा तशी. कुठल्याही दुकानात मिळायची. खाजेचं, बुरशीचं, जंतूंचं, सगळ्याचं औषध एकातच आणि वर सूज दाबणारं जबर रसायन. लावली की दोन दिवसांत खाज गायब. एक रिक्षावाला वीर स्टेशनच्या थांब्यावरून आला होता. त्याच्या मांडीवर डाग इतके पसरले होते की आता त्यांना ना कडा ना आकार. खिशातून ट्यूब काढून म्हणाला, "ही एकदम पॉवरफुल आहे, मॅडम. दोन दिवसांत आराम पडतो."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"परत येतं ना. आणि आलं की डबल येतं."

विमलताईंनी त्याला ओट्यावर बसवलं. "तुझ्या घरी कुत्रा आहे?"

"हाय."

"चोर आला की तो भुंकतो. तू काय केलंस, कुत्र्याचं तोंड बांधलंस. घरात शांत झालं. तू झोपलास. चोर आतच आहे, आता आरामात फिरतोय."

तो आपल्या मांडीकडे बघत बसला. मग विमलताईंनी मला चिठ्ठी सांगितली. ती मी इतक्या वेळा लिहिली आहे की आजही पाठ आहे: ही ट्यूब पूर्ण बंद. आता खाज दुप्पट वाढेल, घाबरू नये. फक्त बुरशीचं मलम, सकाळ-संध्याकाळ, डागाच्या कडेबाहेर दोन बोटं जास्त. डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. टॉवेल वेगळा. आतले कपडे सुती आणि खणखणीत वाळलेले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात अशा जप्त केलेल्या ट्यूबा भरलेल्या असत. खण उघडला की त्या म्हणायच्या, "डाग गेला म्हणजे रोग गेला असं नाही, हे मी ह्यांना कधी शिकवणार?" ईशान, हा परिच्छेद तुझ्यासाठी आहे. दोनदा वाच.

त्यांच्या कडक बोलण्यावरून त्या माणसांवर अशक्य गोष्टी लादत असतील असं वाटेल. तसं नव्हतं. लावणीच्या दिवसांत पोलादपूरकडच्या बायका पायांच्या बेचक्या कुजून, पांढऱ्या पडून यायच्या. त्यांना दुसरे एक डॉक्टर सांगायचे, चिखलात उभं राहू नका. विमलताई म्हणायच्या, "असं सांगणारा माणूस भात खात नसावा." त्या बायकांना त्या एवढंच सांगायच्या की घरी आल्यावर पाय धुवा, आणि चुलीपुढे बसून प्रत्येक बेचकं जुन्या सुती फडक्याने कोरडं करा, घाई न करता, मग औषध. "भाकरी भाजेपर्यंत पाय चुलीकडे करून बसायचं. कुणी बोललं तर सांगा, डॉक्टरनं सांगितलंय." एका म्हातारीने विचारलं, "नि कोकमाचं तेल लावू का गो बाय?" "भेगांना लाव. पू असेल तिथं नको." म्हातारी खूश होऊन गेली. अर्धं औषध तिच्या घरचंच निघालं होतं.

आता जे सांगणार आहे, ते विमलताईंना आवडलं नसतं. त्यात त्यांची चूक आहे. पण त्या मला आठवतात त्या सगळ्यांत जास्त त्याच चुकीमुळे.

दर रविवारी त्या पोलादपूरला बसत. एसटी स्टँडजवळ भाड्याची एक खोली होती, पुढे पत्र्याची पडवी. मला सुट्टी असली की मीही जायची, चिठ्ठ्या लिहायला. तिथे सरिता यायची. कापडे गावाच्या वर डोंगरावर एक वाडी आहे, पंचवीसेक घरांची, तिथली सून. वीस-एकवीस वर्षांची, बारीक, नजर खाली. नवरा संतोष मुंबईला कारखान्यात. घरी सासू पार्वतीबाय, सासरे आणि दोन लहान दीर. गणपतीनंतर ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कमरेला बारीक पुटकुळ्या आणि नखांचे ओरखडे होते. खरूज. विमलताईंनी घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं औषध दिलं. गळ्यापासून तळपायापर्यंत, सगळ्यांनी एकाच संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा. गोधड्या उकळत्या पाण्यात.

खरूज गेली. दिवाळीनंतर परत आली. औषध दिलं, गेली. पौषात सरिता तिसऱ्यांदा आली, ह्या वेळी सासू बरोबर होती.

त्या दिवशी विमलताईंचं डोकं दुखत होतं आणि पडवीत चाळीस माणसं होती. त्यांनी सरिताचे हात उन्हात धरले आणि त्यांचा आवाज चढला. "तिसऱ्यांदा? गळ्यापासून तळपायापर्यंत म्हणजे काय, ते कळत नाही का? दिसतं तिथं टिपके लावतेस, नाहीतर लावतच नाहीस. तुझ्यामुळे सगळं घर खाजवतंय."

सरिताने हात मागे घेऊन पदराखाली धरले. पार्वतीबाय बोलल्या. "मी तेच सांगते, बाय. हिच्या माहेरचीच हाय ही घाण. आमच्या घरात कदी नव्हती." आणि औषधाच्या बाटल्या पिशवीत टाकून सुनेला पुढे घालून निघून गेल्या. विमलताईंनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

तीन रविवारांनी सरिता एकटीच आली. सगळे रोगी संपेपर्यंत पत्र्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, "बाय, मला एक चिठ्ठी द्याल?"

"कसली?"

"मी औषद लावते म्हणून. आत्याबाय म्हणतात, डाक्तरीणबाय पण बोलल्या, तुझ्यामुळं. आता मला पडवीत झोपवतात. ताट वेगळं हाय. शिमगा झाला की माहेरी पोचती करणार. परत न्यायला येणार नाय म्हणतात." मग जरा थांबून, "शिक्का मारून द्या."

मी पेन हातात घेतलं होतं. विमलताईंनी मला हातानेच थांबवलं.

"चिठ्ठी कशी देऊ? तू लावतेस की नाही, मी पाहिलंय का?"

"तुमी तवा बघितलं नव्हतंत, तरी बोललात," सरिता म्हणाली.

आवाज अगदी हळू होता. पण विमलताईंना कुणी असं बोललेलं मी त्याआधी आणि नंतरही ऐकलं नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या. बाहेर एसटीचा हॉर्न वाजून थांबला.

"बस," त्या म्हणाल्या. "तूच सांग. कधी सुरू होतं?"

"हे आले की."

"कोण?"

सरिता लाजली. नवऱ्याचं नाव घेत नव्हती. "गणपतीला आले, मग झालं. दिवाळीला आले, मग झालं. पौषात पूजेला आले, मग झालं. ते गेले की औषद लावून जातं. मी आत्याबायना सांगितलं, तर म्हणतात, माझ्या पोराच्या अंगावर घालतेस?"

"तो मुंबईत राहतो कुठे?"

"गावकीच्या खोलीत."

हे तुम्हांला समजावून सांगावं लागेल. आमच्या इकडच्या प्रत्येक वाडीची मुंबईत एक खोली असायची, सगळ्या वाडीने वर्गणी काढून घेतलेली. गावातला मुलगा नोकरीला गेला की आधी तिथेच उतरायचा, आणि लग्न झालं, मुलं झाली तरी पुष्कळदा तिथेच राहायचा. कुणी दिवसपाळी, कुणी रात्रपाळी.

"किती जण?"

"अठरा."

"अंथरुणं किती?"

"सात-आट. एक उठला का दुसरा निजतो."

विमलताईंनी कपाळावर हात मारला, चांगला आवाज येईल असा. "चार-पाच महिने मी दर घराला औषध वाटतेय. अर्धी वाडी मुंबईत आहे आणि मी तिला विचारलंच नाही." मग माझ्याकडे बघून, जणू मीच गुन्हा केला होता अशा रागाने, "घरात आणखी कोण खाजवतं, असं मीच सगळ्यांना विचारते ना? घर म्हणजे काय, हे नाही विचारलं!"

चिठ्ठी त्यांनी दिली नाही. सरिताला म्हणाल्या, "कागदानं तुझं भागणार नाही. शिमग्याला सगळे पुरुष घरी येतात?"

"खोली राखायला दोघं ऱ्हातात, बाकी सगळे. पालखी नाचवायची असते. रजा नाय मिळाली तर नोकरी सोडून येतात."

"मग मी येते."

शिमग्याच्या त्या रविवारी आम्ही पहाटेची एसटी धरली. माझ्या मांडीवर सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी, विमलताईंच्या पायाशी औषधाच्या बाटल्यांच्या दोन पिशव्या. कापड्याला उतरून पाऊण तासाचा चढ. विमलताई तेव्हा साठीच्या जवळ होत्या. तीनदा थांबल्या आणि तिन्ही वेळा म्हणाल्या की त्या माझ्यासाठी थांबताहेत.

वाडीच्या मध्ये शेणाने सारवलेल्या खळ्यावर गावकीची बैठक भरली होती. पालखी दुपारनंतर यायची होती, त्याची बोलाचाली चालली होती. मुंबईचे पुरुष नव्या शर्टांत, बायका घरांच्या दारांतून बघत. गावकीचे म्होरके धोंडूबाबा, सत्तरीचे, डोक्याला टॉवेल. त्यांनी विमलताईंना पाट दिला. त्या बसल्या नाहीत.

"मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली माझ्या चुकीची आहे. पार्वतीबाय कुठे आहेत?"

पार्वतीबाय दारात होत्या. सरिता त्यांच्या मागे, पडवीत.

"पार्वतीबाय, मी तुमच्या सुनेला चाळीस माणसांत बोलले की ती औषध लावत नाही. ते खोटं होतं. मी बघितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, डोकं दुखत होतं म्हणून बोलले. चाळीस माणसांत बोलले म्हणून इथे सगळ्यांसमोर परत घेते."

 डॉक्टर असं बोलतात हे तिथे कुणी ऐकलं नव्हतं. मी तरी कुठे ऐकलं होतं?

"आता दुसरी. मुंबईवाल्यांनी हात पुढे करा."

हशा पिकला. "आमाला काय झालंय, मॅडम?" "मुंबईत गर्मी असते, घामानं खाजतं." "हात बघून भविष्य सांगता काय?"

"सांगते. करा पुढे."

आधी कुणी उठेना. मग धोंडूबाबांनी स्वतःचे हात पुढे केले आणि म्हणाले, "करा रे. बाई डोंगर चढून आलीय." मग एक एक जण आला. खळ्यावर लख्ख ऊन होतं. विमलताई बोटं फाकवून बघत गेल्या. आलेल्या सोळांपैकी चौदांच्या बेचक्यांत ते होतं. संतोषचे हात आले तेव्हा त्यांनी त्याचं मनगट सोडलंच नाही. तिथे एक बारीक, वाकडी, राखाडी रेघ होती. "हे किड्याचं भुयार," त्या म्हणाल्या आणि सुईच्या टोकाने रेघेच्या शेवटातून काहीतरी टिपून काचेवर घेतलं. मी पेटी उघडून सूक्ष्मदर्शक पाटावर ठेवला. त्यांनी आरसा फिरवून ऊन पकडलं, बराच वेळ पाहिलं आणि बाजूला झाल्या.

"धोंडूबाबा, बघा."

धोंडूबाबांनी एक डोळा मिटला. मग दचकून मान वर केली, पुन्हा घातली. "आयला! ह्याला पाय हायत रे! चालतंय!"

त्यानंतर रांग लागली. पुरुष, बायका, कुणी दोनदा. संतोष मात्र बाजूला उभा राहून आपल्याच हाताकडे बघत होता. शेवटी पार्वतीबाय आल्या. पदर डोक्यावर ओढून त्यांनी त्या नळीला डोळा लावला. बराच वेळ लावला. मग उठून लेकाकडे वळल्या.

"हे तुज्या अंगावरचं?"

"आई, खोलीत सगळ्यांनाच हाय..."

"नि मी वर्सभर हिला बोलतेय!" वर्ष झालं नव्हतं, पण कुणी दुरुस्ती केली नाही.

मग कामाला सुरुवात झाली. गोधड्या, चादरी, कपडे निघाले. तीन घरांत पाण्याची भांडी चुलीवर चढली. पालखी येऊन गेल्यावर, ऊन उतरताना, सगळ्या वाडीने एकदमच औषध लावायचं ठरलं. बायका घरांत, पुरुष गोठ्यांत. तान्ह्या बाळांना आणि दोन गरोदर बायकांना वेगळं, गंधकाचं मलम. बाकीच्यांचं ते बाटलीतलं पांढरं औषध खाजवलेल्या कातडीला फार झोंबतं, हे विमलताईंनी मुद्दामच आधी सांगितलं नव्हतं. पाच मिनिटांत गोठ्यांमधून एक एक आवाज यायला लागला. होळीला आपल्याकडे बोंब मारतात. धोंडूबाबा पडवीत बसून ओरडले, "मारा रे मारा! यंदा बोंब मारायला होळीपण लागली नाय!" सगळी वाडी हसत होती. विमलताई पदरात तोंड लपवून हसत होत्या.

निघताना त्यांनी दोन कामं सांगितली. खोलीवर मागे राहिलेल्या दोघा राखणदारांसाठी बाटल्या देऊन एकाला दुसऱ्या दिवशीच मुंबईला पाठवायचं, आणि तिथली अंथरुणं इतर पोचायच्या आत उकळून घ्यायची. पुढच्या रविवारी वाडीने आणि खोलीने, एकाच संध्याकाळी, पुन्हा लावायचं.

मग त्या पार्वतीबायकडे गेल्या. "अजून तीन आठवडे खाज राहील. किडा मेला तरी राहते. म्हणजे सरिता खाजवताना दिसेल. तीन आठवडे तिला काही बोलायचं नाही."

"तीन आठवडे?" पार्वतीबायनी विचारलं.

"हो. आणि त्यानंतरही नाही."

 आम्ही पायवाटेला लागलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर पडवीतलं सरिताचं अंथरूण पार्वतीबाय स्वतः उचलून आत नेत होत्या.

पंधरा दिवसांनी मुंबईहून एक पोस्टकार्ड आलं. "सर्वांनी ठरल्या रविवारी लावले. बाळूस जास्त झोंबले. अंथरुणे उकळली, दोन फाटली. कळावे." विमलताईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि खणात ट्यूबांवर ठेवून दिलं. त्या गणपतीला वाडीतून खरुजेचा एकही रोगी आला नाही. दिवाळीनंतरही नाही.

काही वर्षांनी त्यांना नीट दिसेनासं झालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण म्हणाल्या, "आता कडा दिसत नाहीत. कडा दिसत नसतील तर मी काय बघणार?" दवाखाना बंद केला आणि बहिणीकडे राहायला निघाल्या. मी वीर स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसल्या होत्या, मांडीवर डबा, चेहरा वैतागलेला, कारण कुणी पोचवायला येऊ नये असं त्यांनी बजावलं होतं.

तेवढ्यात रिक्षातून पार्वतीबाय उतरल्या. गुडघ्यांनी थकलेल्या, सरिताच्या खांद्यावर हात टाकून. वाडीपासून डोंगर उतरून, दोन एसट्या बदलून आल्या होत्या. विमलताईंनी त्यांना आधी आवाजावरूनच ओळखलं.

"कशाला आलात एवढ्या लांब?"

"तुमी डोंगर चढून आलात, मी उतरून येऊ नको?" पार्वतीबाय म्हणाल्या आणि धापा टाकत बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या. सरिताने पिशवीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी काढली. गाडी येईपर्यंत त्या दोघी म्हाताऱ्या एका डब्यातून जेवल्या. गाडी सुटली तेव्हा विमलताईंनी खिडकीतून हात हलवला नाही. त्या चटणीच्या डब्याचं झाकण नीट लावत होत्या. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या इमारतीत दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. सूक्ष्मदर्शक कुठे गेला, मला माहीत नाही. पण वाडीची मुंबईतली खोली अजून आहे आणि तिथे ज्याचं अंथरूण त्याचंच, हा गावकीचा नियमही आहे. पार्वतीबाय मागच्या साली वारल्या, सरिताच्या मांडीवर. सरिता त्याच घरात राहते, आणि गेल्या वैशाखात त्या घरात तिची सून आली.